मास्टरांचा फोल्डर

टेचिमान
२३ फेब्रुवारी २०१४

प्रिय ओबिरी,

तुझा फोन लागत नाही. सेइदू ड्रायव्हर सांगतो, वाऱ्यानं तुझ्या लॉरा गावचा टॉवर पाडला तो अजून कोणी उभा केलेला नाही. म्हणून हे पत्र त्याच्याच हाती देते. तो सोमवारी इथून निघतो, मंगळवारी तुझ्याकडे पोचतो आणि शनिवारी परत येतो. एका परीनं बरंच आहे. फोनवर सांगितलेलं मी ऐकते आणि विसरते. कागद मशीनशेजारी उभा करून ठेवता येतो.

दुकानातलं मोठं मशीन पुन्हा बसलं. वीज गेली, आली, लगेच परत गेली. तेव्हापासून ते निळा पडदा दाखवतं, आपलं आपण बंद होतं आणि आपलं आपण चालू होतं. तुझे मामा गेल्यापासून असं बऱ्याचदा झालंय. दरवेळी स्टँडवरचा दुरुस्तीवाला येतो, "मामी, फॉरमॅट मारावा लागेल" म्हणतो, मारतो आणि जातो. सिस्टीम नवी कोरी होते आणि आतलं सगळं जातं. मामांचा फोल्डर आधी डोंकोर फोटोग्राफरच्या डिस्कवर काढून घ्यायचा आणि मग परत टाकायचा, असं चाललंय. एखाद्या दिवशी मी चर्चमध्ये असेन आणि तो फॉरमॅट मारून मोकळा होईल, या धास्तीनं मी दुकान सोडत नाही.

त्या फोल्डरात काय आहे ते तुला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण तुझी आई त्याला "जुने फोटो" म्हणते. या गावात कोणी गेलं की पोस्टर आणि पुस्तिका आमच्याच दुकानात व्हायची. मामा चेहरा साफ करायचे, मागची भिंत काढून टाकायचे, फाटका कोपरा जोडायचे. मी खाली मजकूर टाइप करायचे. मला वाचायला शाळेनं शिकवलं नाही, त्या पुस्तिकांनी शिकवलं. त्यातली प्रत्येक बाई प्रेमळ माता होती आणि प्रत्येक म्हाताऱ्याचं वय घरच्यांनी दहा-पंधरा वर्षांनी वाढवलेलं असायचं. त्यातल्या कितीतरी माणसांचा दुसरा फोटोच जगात नाही. घर जळतं, फोन चोरीला जातो, मग लोक काउंटरवर येतात, "मास्टर, आमच्या आईचा चेहरा आहे का तुमच्याकडे?" आता मास्टर नाहीत, तर मला विचारतात. मी शोधून देते. मामांचं माझ्याकडे उरलेलं म्हणशील तर तेवढंच आहे.

मे महिन्यात वर्ष होईल. शोकाचं काळं उतरवून पांढरं नेसेन. तुझी आई परवा दुकानात येऊन बसली होती. म्हणाली, "वर्षाचा विधी झाला की कुटुंब बसेल, सेर्वा. मामाचं ते भाच्याचं. रीत तू जाणतेस."

मी म्हटलं, "जाणते, ताई."

कायदा बायकोला काय देतो तेही जाणते. त्याचे कागद याच दुकानात टाइप झालेत. पण ते बोलले नाही. तू मशीनचं काय करायचं तेवढं कळव.

तुझी मामी,
सेर्वा


लॉरा
२७ फेब्रुवारी २०१४

आदरणीय मामी,

पत्र मिळालं. टॉवरचं म्हणाल तर तो आडवाच आहे. शेळ्या त्यावर चढून बसतात. मुख्याध्यापक म्हणतात, एवढा चांगला उपयोग त्याचा आधी कधी झाला नव्हता.

दुरुस्तीवाल्याचं चुकत नाही, पण तो दरवेळी एकच गोष्ट करतो. तुमच्या मशीनच्या डिस्कचे दोन भाग आहेत. सी ड्राइव्हवर सिस्टीम राहते आणि तुमचे-मामांचे यूझर फोल्डरही तिथेच राहतात. सिस्टीम बिघडली की सी पुसावा लागतो, आणि त्याच्याबरोबर घरातली माणसंही बाहेर काढली जातात. दुसरा भाग, डी, रिकामा पडून असतो. तर मग यूझर फोल्डर पहिल्यापासून डीवरच का ठेवू नयेत? नंतर हलवायला गेलं तर कटकट आहे. सिस्टीम टाकतानाच हलवले तर काही त्रास नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी मी एक पेन ड्राइव्ह तयार केलाय. सिस्टीम टाकताना मशीन जे जे विचारतं, भाषा कोणती, घड्याळ कुठलं, नाव काय, त्या सगळ्याची उत्तरं त्यातल्या एका फाइलमध्ये आधीच लिहून ठेवलीत. यूझर फोल्डर डीवर टाक, हेही त्यातच आहे. तुम्ही लावायचा, चालू करायचं आणि बाजूला बसायचं. तो कोणालाही काहीही विचारत नाही. इथे आतापर्यंत झालेली मशीनं त्यानंच केली आणि एकही अडलं नाही. तोच पाठवतोय.

आधी दुरुस्तीवाल्याला सांगून मामांचा फोल्डर डोंकोरच्या डिस्कवर काढून घ्या. तो निघालाय हे स्वतः उघडून बघा. मग हा पेन ड्राइव्ह लावून मशीन चालू करा. सगळं झाल्यावर तुमच्या नावानं आत जा आणि फोल्डर "पिक्चर्स"मध्ये टाका. घाईनं पेन ड्राइव्ह काढू नका, दोन-तीन दिवस राहू दे लावलेला, काही अडलं तर लागेल. मग मशीन बंद करून काढा आणि सेइदूकडे द्या. वर्ग खोळंबलेत आणि माझ्याकडे एवढा मोठा दुसरा नाही. इथे आला की मी तो पुसून पुन्हा तयार करतो, तेव्हा त्यावर तुमचं काही ठेवू नका.

आईचं बोलणं मनावर घेऊ नका. तिला रीत पाठ आहे, माणसं विसरते.

तुमचा,
ओबिरी


टेचिमान
९ मार्च २०१४

प्रिय ओबिरी,

झालं. तू लिहिलंस तसंच केलं, कागद शेजारी उभा करून. मशीननं खरंच काही विचारलं नाही. बसून राहिलं की डोळ्यासमोर पट्ट्या सरकतात, स्वतःच बंद होतं, स्वतःच उठतं. मी मधल्या वेळात मक्याचे केंके पानातून सोलून खाल्ले. शेवटी माझं नाव आलं. आत गेले, मामांचा फोल्डर डोंकोरच्या डिस्कवरून "पिक्चर्स"मध्ये टाकला आणि दहा-बारा फोटो उघडून पाहिले. सगळे होते. "डी"वर जाऊन बघितलं तर तिथेही "यूझर्स" दिसला, त्यात मी आणि माझ्यात ते. बरं वाटलं.

बुधवारपासून शनिवारपर्यंत मशीन वापरलं. एक पोस्टर केलं, चर्चची दोन पत्रकं केली. डोंकोरला डिस्क परत दिली, त्याच्याकडे लग्न होतं.

पेन ड्राइव्ह या पत्राबरोबर रुमालात बांधून सेइदूकडे देते. त्याला बजावलंय की खिशात ठेव, याम कंदांच्या पोत्यात नको. तुझ्यासाठी सुकी मासळीही आहे. ती मात्र पोत्यात आहे.

तुझी मामी,
सेर्वा


टेचिमान
११ मार्च २०१४

ओबिरी,

हे पत्र यामचा ट्रक घेऊन चाललेल्या माणसाकडे देते आहे. सेइदूची वाट बघण्याएवढा वेळ नाही.

काल सेइदू निघाल्यावर मशीन चालू केलं. माझं नाव आलं, मी आत गेले. आत माझं काहीच नव्हतं. मागचं चित्र वेगळं, पोस्टर नाही, पत्रकं नाहीत, मामांचा फोल्डर नाही. कोपऱ्यात एक सूचना आली. इंग्रजी होती, मी दोनदा वाचली. तू इथे तात्पुरती आहेस, असं ती सांगते. तू बाहेर पडलीस की इथलं काही राहणार नाही.

डीवर गेले. डी रिकामा.

डोंकोरकडे गेले. तो म्हणाला, "मामी, काल सकाळीच रिकामी केली हो डिस्क. लग्न भरलंय त्यात. तुम्हीच म्हणालात ना, झालं म्हणून?" मीच म्हणाले होते.

मग घरी येऊन विचार केला. मला कॉम्प्युटर कळत नाही, पण एक गोष्ट कळते. पेन ड्राइव्ह होता तोवर फोल्डर होता. पेन ड्राइव्ह तुझ्याकडे निघाला, फोल्डर गेला. उत्तरं सगळी तू आधीच लिहून ठेवलेली होतीस. त्यात काय लिहिलंय ते मी पाहिलेलं नाही. आणि पेन ड्राइव्ह यायच्या आठ दिवस आधीच तुझी आई येऊन सांगून गेली होती की मामाचं ते भाच्याचं.

तू असं करशील असं मला वाटत नाही. पण मला वाटत नव्हतं अशा पुष्कळ गोष्टी या वर्षात झाल्या. मामांना पुरून आल्यावर त्याच दिवशी तुझ्या मावशीनं त्यांचं मनगटी घड्याळ माझ्या टेबलावरून उचललं, तेव्हाही मला आधी वाटलं नव्हतं.

मागितलं असतंस तर मी दिलं असतं की नाही, मला सांगता येत नाही. पण मागायला हवं होतंस.

तो पेन ड्राइव्ह पुसू नकोस. त्यात असेल तर दुसरीकडे कुठेच नाही. एवढं कर, मग काय ते बोल.

सेर्वा


लॉरा
१३ मार्च २०१४

आदरणीय मामी,

हे कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळच लिहितो.

पेन ड्राइव्ह मिळाला. नेहमीप्रमाणे पुसायला घेतला, आणि पुसण्याआधी उघडून बघायची सवय आहे म्हणून उघडला. त्यात "यूझर्स", त्यात तुमचं नाव आणि त्यात मामांचा अख्खा फोल्डर. मी खुर्ची मागे सारून बसलो. वर्ग समोर होता. एक मुलगी म्हणाली, "सर, व्हायरस आहे का?" मी म्हटलं, "नाही, मामा आहेत."

मी "त्यावर तुमचं काही ठेवू नका" असं लिहिलं होतं आणि तरी तुम्ही ठेवलंत. वर्षाचा विधी व्हायच्या आत, कुटुंब बसायच्या आत, कोणी न मागता. रुमालात बांधून. मला आईचं बोलणं आठवून लाज वाटली. ती म्हणायची, सेर्वाच्या हातून काही सुटायचं नाही.

मामांकडे मी शाळेच्या सुट्टीत येऊन बसायचो ते तुम्हाला आठवतं. स्टुलावर बसवून त्यांनी मला माउस धरायला शिकवला. वारस म्हणून मला मशीन नको होतं, दुकान तर मुळीच नको. हे मात्र मला हवं होतं आणि मागायची हिंमत नव्हती. तुम्ही ते ओळखलंत.

पेन ड्राइव्ह वेगळा ठेवला आहे. सोमवारनंतर वेळ काढून सगळं प्रयोगशाळेतल्या एका चांगल्या मशीनवर हलवीन आणि मग तो पुन्हा कामाला घेईन. आईलाही आजच लिहिलं आहे, म्हणजे ती तुमच्याशी नीट वागेल.

तुमचा आभारी,
ओबिरी


टेचिमान
१६ मार्च २०१४, रविवार

ओबिरी,

तुझं पत्र काल आलं. आतापर्यंत तुला माझं यामच्या ट्रकवरचं पत्र मिळालं असेल. दोन्ही पत्रं वाटेत कुठेतरी एकमेकांना ओलांडून गेली असणार, बहुतेक किंतांपोच्या चढावर.

मी तुला काही दिलेलं नाही. हे आधी वाच, मग पुढचं.

पेन ड्राइव्हवर फोल्डर कसा आला ते मला माहीत नाही. मी तो "पिक्चर्स"मध्ये टाकला, तू सांगितलंस तिथे. पुसलेला नाही हे वाचून जीव भांड्यात पडला. चोरलेला नाही हेही कळलं. त्या पत्रात मी लिहिलं त्याबद्दल काय ते समोरासमोर बोलू. पण आता तो कुठेच हलवू नकोस, चांगल्या मशीनवरही नको.

इथे काय झालं ते ऐक. आज चर्च सुटल्यावर मी दुकानाची फळी उघडली, तर समोर मामांच्या कुटुंबाचे प्रमुख नाना अद्दाए, त्यांच्या वतीनं बोलणारा क्वार्तेंग, आणि तुझी आई आनंदाच्या पांढऱ्या कपड्यात. क्वार्तेंगच्या हातात श्नॅप्स दारूची बाटली, खोक्यासकट. मी स्टुलं दिली, पाणी दिलं, खुशाली विचारली. मग क्वार्तेंग उभा राहिला.

"नाना म्हणतात, बेदियाकोच्या बायकोनं कुटुंबाला न सांगता कुटुंबाचं काम केलं. बेदियाकोनं आयुष्यभर गोळा केलेलं तिनं त्याच्या भाच्याच्या हाती दिलं. कोणाला मागावं लागलं नाही, कोणाला भांडावं लागलं नाही. नाना तिचे आभार मानायला आले आहेत. ही बाटली."

मी म्हटलं, "नानांना सांगा, मी काही दिलेलं नाही."

नाना हसले. स्वतःच बोलले, क्वार्तेंगकडे न बघता. "देणारा असंच म्हणतो. दिलं म्हणून मिरवणारी बाई आमच्या घरात कधी आली नाही."

"नाना, खरंच नाही दिलं. चुकून गेलंय."

तुझी आई म्हणाली, "चुकून? रुमालात बांधून चुकून?"

"रुमालात पेन ड्राइव्ह बांधला, ताई."

"आणि पेन ड्राइव्हमध्ये काय होतं?"

याचं उत्तर तुझ्याकडे आहे.

क्वार्तेंग बाटली काउंटरवर ठेवून म्हणाला, "आभाराचं पेय परत घरी जात नाही, सेर्वा. नेलं तर कुटुंबाचं तोंड काळं होतं." आणि गेले. नाना जाताना म्हणाले, पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी येतो, तेव्हा जमिनीवर ओतून पूर्वजांना सांगू.

म्हणजे ओतलं की संपलं. त्यानंतर तू तो फोल्डर परत पाठवलास तरी तो तुझा असेल आणि माझ्याकडे ठेवायला दिलेला असेल. उद्या कोणी बाई आईचा चेहरा मागायला आली तर तुझ्या आईला विचारून द्यावा लागेल.

बाटली मी हलवलेली नाही. गिऱ्हाइकं विचारतात, "मामी, काय साजरं करताय?"

सेर्वा


लॉरा
२० मार्च २०१४

आदरणीय मामी,

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं शुक्रवारी, सेइदू निघून गेल्यावर. दुसरं मंगळवारी. मधले दिवस मी नीट जेवलो नाही.

चूक माझी आहे आणि ती अशी. मी फाइलमध्ये लिहिलं होतं: यूझर फोल्डर "डी"वर टाक. इथल्या मशीनांवर डी म्हणजे डिस्कचा दुसरा भाग, नेहमीच. तुमचं मशीन जुनं. त्याचा दुसरा भाग दुरुस्तीवाल्यानं वेगळ्या पद्धतीनं पाडलेला आहे. सिस्टीम टाकताना मशीन जी अक्षरं वाटतं त्यात आधी पेन ड्राइव्हचा नंबर लागला. डी हे अक्षर पेन ड्राइव्हला गेलं आणि खऱ्या भागाला ई मिळालं. तुमचं सगळं घर पेन ड्राइव्हवर बांधलं गेलं. तुम्ही "डी"वर जाऊन पाहिलंत ते बरोबर पाहिलंत, फक्त तो डी पेन ड्राइव्ह होता. तुम्ही तो काढल्यावर त्या अक्षराखाली रिकामा भाग आला आणि मशीनला तुमचं घर सापडेना. त्यात भर म्हणजे मी तुम्हाला सांगितलं की लावलेलाच राहू दे. काढून, बंद करून, पुन्हा चालू करून बघा, हे मी लिहायला हवं होतं. लिहिलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं, डोंकोरच्या डिस्कवर मामा अजून असताना.

कोणाला काही न विचारणारी गोष्ट बनवली याचा मला फार अभिमान होता.

पेन ड्राइव्ह मी पुसलेला नाही आणि हलवलेलाही नाही. त्यामुळे तपासणीला साहेब आले तेव्हा अर्धी प्रयोगशाळा बंद होती. मुख्याध्यापकांनी विचारलं, "एवढं काय आहे त्यावर?" मी म्हटलं, "एक गाव आहे." ते अजून बोलत नाहीत माझ्याशी.

यासोबत दोन पेन ड्राइव्ह आहेत. जुना काळा, त्यात मामा आहेत. नवा लाल, मी वा शहरातून मागवला. आधी काळा लावून मशीन चालू करा, तुमचं सगळं जागच्या जागी दिसेल. मामांचा फोल्डर डोंकोरच्या डिस्कवर घ्या, शिवाय काही सीडींवरही घ्या. मग काळा काढून कपाटात ठेवा आणि लालनं सिस्टीम पुन्हा टाका. यात मी अक्षरावर विसंबलो नाही, तो भाग स्वतः शोधून त्यालाच डी दिलंय. झालं की लाल काढा, बंद करा, चालू करा, बघा. मग डोंकोरला डिस्क द्या, त्याआधी नाही. काळा परत पाठवायची घाई नाही.

नानांना मी पत्र लिहिलं आहे की मला काही मिळालेलं नाही. आईलाही लिहिलं. तिचं उत्तर यायचंय, पण मला ते आत्ताच ऐकू येतंय.

मला ते हवं होतं असं मी लिहिलं ते खोटं नव्हतं. पण ते तुम्ही दिलंय असं समजून लिहिलं होतं. आता ते वाक्य परत घेता येत नाही, तुम्ही वाचलंय. तसंच राहू दे.

तुमचा,
ओबिरी


टेचिमान
३० मार्च २०१४, रविवार

प्रिय ओबिरी,

काळा लावला. सगळं जागच्या जागी होतं, पोस्टरसुद्धा केलं होतं तसंच. फोल्डर डिस्कवर घेतला, सीडींवर घेतला. लाल लावला. काढला, बंद केलं, चालू केलं. आहे. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद करून चालू केलं. आहे. मग वीज आपणहून गेली आणि आली. तरी आहे. आता मला मशीनचं काही भय उरलेलं नाही, माणसांचंच होतं.

आज ते आले. नाना, क्वार्तेंग, तुझी आई, आणि आणखी दोन काका, ज्यांना मी मामांच्या दफनानंतर पाहिलेलं नव्हतं. तुझं पत्र नानांना पोचलं होतं. क्वार्तेंग म्हणाला, "मुलगा लिहितो की त्याला काही मिळालं नाही. मुलगा चांगला आहे, मामीला वाईट वाटू नये म्हणून लिहितो."

तुझी आई म्हणाली, "मला लिहिलं तेव्हा रडून लिहिलं होतं. कागदावर डाग होते."

"तो घाम असेल, ताई. लॉरात उन्हाळा आहे."

एक काका हसले आणि तुझ्या आईनं बघितल्यावर थांबले.

क्वार्तेंगनं बाटलीचं खोकं उघडलं. मी म्हटलं, "नाना, ओतण्याआधी एकदा विचारते. तुम्ही कशाचे आभार मानताय ते तुम्ही पाहिलंय का?"

नाना म्हणाले, "बेदियाकोचे फोटो."

"बेदियाकोंचे नाहीत. बेदियाको त्यात एकाही फोटोत नाहीत. गावाचे आहेत."

नाना काठी क्वार्तेंगकडे देऊन उठले आणि काउंटरच्या आत आले. त्या बाजूला ते कधी आलेले नव्हते. मशीनपुढच्या खुर्चीवर बसले. ती मामांची खुर्ची. त्यांनी हळू आवाजात विचारलं, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये असं.

"माझी मंसा असेल का यात?"

मंसा म्हणजे त्यांची बायको. मी या घरात येण्याआधीच गेली. तिला पुरल्यावर तिच्या माहेरची माणसं आली आणि तिचं जे होतं ते घेऊन गेली. कापडं, मणी, फोटो, सगळं. रीतच आहे, तिच्या कुटुंबाचं तिच्या कुटुंबाकडे. नानांनी तेव्हा काही हरकत घेतली नसणार.

मी म्हटलं, "पोस्टर इथे झालं असेल तर असेल. अंगावर कोणतं कापड होतं?"

"म्हणजे?"

"मास्टर फोटोला माणसाचं नाव देत नसत. एका नावाची दहा माणसं निघतात. ते विचारायचे, फोटोत नेसलंय काय? तेच नाव द्यायचे."

नानांना आठवेना. ते बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. पडद्यावर तेव्हा काही नव्हतं. तुझी आई म्हणाली, "नाना, उशीर होतोय." त्यांनी हात वर केला, तशी ती गप्प झाली.

"विहीर," ते म्हणाले. "विहीर छापाचं कापड, ठिपक्यांच्या वर्तुळांचं. निळं. कुमासीहून मी आणलं होतं. ती म्हणाली, एवढं गडद कशाला आणलंत, आणि मग दर रविवारी तेच."

मी "निळी विहीर" टाइप केलं. बऱ्याच बायका आल्या. गावात ते कापड एके काळी सगळ्यांकडे होतं. मी एकेक उघडत गेले. चौथ्या की पाचव्या चेहऱ्यावर त्यांनी माझं मनगट धरलं.

तरुण होती. ओठ मिटलेले आणि एक भुवई वर, फोटो काढणाऱ्यानं काहीतरी चुकीचं बोलल्यासारखी. कपाळाजवळ मूळ फोटोला चीर पडलेली असणार. मामांनी ती बुजवली होती. ती चीर कुठे होती हे मला कळतं, दुसऱ्या कोणाला कळणार नाही.

बाहेर क्वार्तेंग बाटलीचं बूच फिरवत उभा होता. मग नाना खुर्चीतूनच म्हणाले, मोठ्यानं, "क्वार्तेंग. बाटली खोक्यात घाल."

"नाना, आभाराचं पेय..."

"कशाचे आभार? हिच्या हातून काही गेलेलं नाही. मुलाच्या हाती काही आलेलं नाही. हे इथे होतं आणि इथे आहे. न घडलेल्या गोष्टीचं पेय आपण पूर्वजांना पाजायचं?"

तुझी आई म्हणाली, "पण नाना, रीत..."

"रीत मला सांगू नकोस, कोनादू. हिला अर्धा तास देऊ. हिला काम आहे."

ते गेले नाहीत, तिथेच बसून राहिले. सगळे बाहेर स्टुलांवर बसले आणि तुझ्या आईनं शेजारून तळलेली केळी मागवली. मला वाटतं ती आता माझ्याशी महिनाभर बोलणार नाही. नंतर बोलेल.

तुला प्रत हवी असेल तर काळा ड्राइव्ह तसाच पाठवते, त्यातलं पुसत नाही. ते देणं नव्हे आणि घेणं नव्हे, त्याला काय म्हणायचं ते नाना ठरवतील. तुझ्या शाळेला लाल उपयोगी पडेल, तोही पाठवते. मे महिन्यात विधीला ये. समोरासमोर काही बोलायचं राहिलंय, ते मी विसरलेले नाही.

नानांना फोटो मोठा हवा होता, भिंतीवर लावण्याएवढा, रंगीत. प्रिंटरमध्ये निळी शाई कमी होती. अर्ध्या कापडापर्यंत येऊन थांबेल असं मला वाटत होतं, पण पुरली.

तुझी मामी,
सेर्वा